पाचशेची विंडोज की घेण्याआधी हे वाचा: स्टुडंट लोकांसाठी लायसन्सचा सगळा मामला

प्रवेशाचे कॅप राउंड संपले, ॲडमिशन पक्की झाली की पुण्यात दरवर्षी तोच प्रश्न फिरायला लागतो, लॅपटॉप तर घेतला पण विंडोज स्वस्तात कुठून टाकून मिळेल. उत्तरंही ठरलेलीच, कोणी म्हणतं दुकानात दोनशेत टाकून देतात, कोणी म्हणतं ऑनलाइन पाचशेला ओरिजिनल की मिळते, आणि हॉस्टेलवरचा एखादा सीनियर म्हणतो ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोजला ॲक्टिव्हेटेड दाखवणारं चोरटं सॉफ्टवेअर, ते मार आणि विसरून जा. यातलं काहीही करायच्या आधी, एक रुपयाही खिशातून काढायच्या आधी, तुमच्याकडे काय आहे ते नीट बघा, कारण बऱ्याच मुलामुलींकडे लायसन्स आधीच असतं आणि त्यांना ते माहीतच नसतं. घरून मोजून पैसे येतात, त्यात मेस, कॉट बेसिसचं भाडं, जर्नल्स, झेरॉक्स, त्यातले पाचशे-हजार अशा नंबरावर घालवायचे जो सहा महिन्यांनी बंद पडणार आहे, हे मला बघवत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी मुळातली गोष्ट. की म्हणजे लायसन्स नाही. की हा पंचवीस अक्षरांचा नंबर आहे, आणि लायसन्स म्हणजे तुम्हाला ते सॉफ्टवेअर वापरायचा मिळालेला हक्क. पुण्याच्या पीएमपीएमएल बसचा स्टुडंट पास असतो ना, त्यावर नाव असतं, फोटो असतो, आता त्या पासचा नंबर कोणी कागदावर लिहून तुम्हाला पन्नास रुपयांना विकला तर कंडक्टर बसू देईल का? नंबर खरा आहे, पास पण खरा आहे, पण तो तुमचा नाही. स्वस्त की बद्दल "अहो पण ॲक्टिव्हेट झाली की" असं जे सांगतात त्यांचा इथेच घोळ होतो. ॲक्टिव्हेट झाली म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरने नंबर स्वीकारला, एवढंच.

विंडोजचं लायसन्स साधारण तीन वाटांनी मिळतं. पहिली ओईएम, म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने कारखान्यातच टाकून दिलेलं, त्याचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच आले, आणि ते त्याच मशीनला चिकटलेलं असतं, काढून दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येत नाही. दुसरी रिटेल, जे तुम्ही वेगळं विकत घेता, जुना लॅपटॉप गेला तर तिथून काढून नव्यावर टाकता येतं, पण हे महाग, अमेरिकेत विंडोज ११ च्या होम, म्हणजे साध्या घरगुती एडिशनची छापील किंमत १३९ डॉलर आणि प्रो, म्हणजे कामधंद्याच्या एडिशनची १९९ डॉलर आहे, त्यावरून अंदाज घ्या. तिसरी व्हॉल्यूम, म्हणजे कंपन्या, बँका, कॉलेजं शेकडो मशीनसाठी एकत्र करार करतात ते. यात बऱ्याचदा केएमएस नावाची पद्धत असते, संस्थेच्या नेटवर्कवर एक सर्व्हर असतो, मशीन त्याच्याशी अधूनमधून बोलतं आणि दर वेळी १८० दिवसांची मुदत नव्याने मिळते. मशीन त्या नेटवर्कपासून कायमचं तुटलं की १८० दिवसांनी ॲक्टिव्हेशन गेलं.

आता हे डोक्यात ठेवून पाचशेच्या कीकडे बघा. जी वस्तू दहा हजारांच्या आसपास जाते ती पाचशेला कशी परवडते? बहुतेक वेळा ती कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातली असते, किंवा डेव्हलपर सबस्क्रिप्शनमधली, जी टेस्टिंगसाठी दिलेली असते, किंवा भंगारात गेलेल्या मशीनवरची. एकच की अनेकांना विकली जाते, वापर मर्यादेबाहेर गेला की कंपनी ती ब्लॉक करते, आणि विकणारा तोपर्यंत नाव बदलून बसलेला असतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी, नगरहून आलेली, कर्वेनगरला राहायची, तिने अशीच ऑनलाइन की घेतली, लाइफटाइम लिहिलं होतं, पावतीवर जीएसटी नंबर नाही, कंपनीचं नाव नाही, आणि सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर स्क्रीनवर "ॲक्टिव्हेट विंडोज" यायला लागलं. विकणाऱ्याचा मेसेज आला की अजून तीनशे पाठवा, नवी की देतो. आणि खरी गोष्ट तर पुढे आहे, तिच्या लॅपटॉपमध्ये कंपनीने टाकलेलं विंडोज होम पहिल्यापासून होतं! घरच्या जवळच्या दुकानात कोणीतरी "चांगलं वर्जन टाकून देतो" म्हणून प्रो टाकून दिलं होतं आणि त्याला की लागत होती. परत होम टाकलं, नेटला जोडलं, आपोआप ॲक्टिव्हेट.

हे आपोआप कसं होतं ते सांगतो कारण इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाचतात. विंडोज ८ च्या काळापासून लॅपटॉप कंपन्या की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, म्हणजे बायोसमध्येच लिहून ठेवतात. त्यामुळे पूर्वीसारखा खाली स्टिकर नसतो, लोकांना वाटतं की आलीच नाही. हार्ड डिस्क फॉरमॅट करा, एसएसडी बदला, काही फरक पडत नाही, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल फुकट डाउनलोड करायचं, त्याने ८ जीबीचा इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवायचा, इन्स्टॉल करताना ते चिपमधली की स्वतः वाचतं आणि तेच एडिशन टाकतं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये "होम सिंगल लँग्वेज" नावाचं एडिशन असतं, नाव बघून घाबरू नका, कॉलेजच्या कामाला ते पूर्ण पुरतं.

तुमच्याकडे काय आहे ते बघायला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन. तिथे "डिजिटल लायसन्स" किंवा "डिजिटल लायसन्स, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं तर बरं. "युअर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस" असं दिसलं आणि लॅपटॉप तुमचा स्वतःचा असेल तर समजा कोणीतरी व्हॉल्यूमवालं टाकलंय. अजून खोलात जायचं तर विंडोज बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी रनची खिडकी येईल, त्यात एस, एल, एम, जी, आर ही अक्षरं सलग, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि डी, एल, आय, आणि एंटर. थोडा वेळ थांबा, लगेच येत नाही. जो चौकोन येतो त्यात चॅनल असा शब्द शोधा, त्याच्या मागे ओईएम डीएम असेल तर मशीनबरोबर आलेलं, रिटेल असेल तर वेगळं घेतलेलं, आणि व्हॉल्यूम केएमएस क्लायंट असेल आणि तुमच्या कॉलेजने ते दिलेलं नसेल तर ते तुमचं नाही. एक सांगून ठेवतो, स्क्रीनवर ॲक्टिव्हेटेड दिसणं हा काही कागदोपत्री पुरावा नाही, खरा पुरावा बिल, किंवा लॅपटॉपच्या खोक्यावर आणि बिलावर छापलेलं विंडोजचं नाव.

नवीन लॅपटॉप घेत असाल तर बिलावर काय लिहिलंय ते दुकानातच वाचा. काही मॉडेल्स "डॉस" म्हणून विकतात, तीन-चार हजारांनी स्वस्त दिसतात, त्यात विंडोज नसतंच. तुम्ही लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम, वापरणार असाल तर ते पैसे खरंच वाचले, पण नंतर विंडोज वेगळं घेणार असाल तर वाचवलेल्यापेक्षा जास्त जाणार, म्हणून विंडोज लागणारच असेल तर आधीपासून असलेलंच मॉडेल घ्या. आणि ऑफिस वेगळं, विंडोज वेगळं. ही दोन स्वतंत्र लायसन्सं आहेत. नव्या लॅपटॉपबरोबर ऑफिस होम अँड स्टुडंट आलं असेल तर ते स्वतःच्या अकाउंटवर ठरलेल्या मुदतीत रिडीम करावं लागतं, कित्येक मुलं वर्षभर तसंच ठेवतात आणि ते वाया जातं. दुकानदाराच्या किंवा दादाच्या अकाउंटवर करू नका, स्वतःच्याच.

सेकंड हँडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पुण्यात हा रस्ता खूप चांगला आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, एवढ्या आयटी कंपन्या, त्यांचे लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात आणि रिफर्बिश्ड बाजारात येतात. हे मुळात बिझनेस मॉडेल्स असतात, मजबूत, आणि बऱ्याचशांच्या बायोसमध्ये विंडोज प्रोची ओईएम की असते. म्हणजे पंधरा-वीस हजारात मशीन आणि त्याचं प्रो लायसन्स दोन्ही. पण तीन गोष्टी बघा. एक, आत्ता त्यावर एंटरप्राइझ एडिशन चालू असेल तर ते जुन्या कंपनीच्या करारातलं आहे, ते तुमच्यासाठी नाही, वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ इन्स्टॉल करा, चिपमध्ये प्रो असेल तर प्रो आपोआप येईल. दोन, दुकानात उभं राहून रीसेट करायला लावा आणि नेटला जोडा, सुरुवातीच्या स्क्रीनवर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिच्या ईमेलने लॉगिन मागत असेल तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नावावर रजिस्टर आहे, घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. बायोसला पासवर्ड असेल तरी तेच. तीन, प्रोसेसर. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय फाइव्हच्या पुढचा चार आकडी नंबर ८ ने सुरू झाला तर आठवी जनरेशन, ८२५० म्हणजे आठवी, ७२०० म्हणजे सातवी. दुकानदार "आय फाइव्ह आहे, एसएसडी टाकलीय, पळतो" एवढंच सांगतो, तुम्ही पूर्ण नंबर विचारा. सहाव्या-सातव्या जनरेशनवाल्यावर जबरदस्तीने अकरा टाकून देणारे आहेत, पण ते मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टमध्ये बसत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडला असा नाही, लायसन्सही तसंच आहे, फक्त फुकटचे सिक्युरिटी अपडेट थांबले. ज्यांचं मशीन जुनं आहे त्यांच्यासाठी ईएसयू नावाची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सिंक चालू केला तर पैसे लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक येते. तुमचं मशीन अकराच्या अटीत बसत असेल तर मात्र सरळ अपग्रेड करा, खऱ्या विंडोज १० वरून ११ ला जायला पैसे पडत नाहीत. विंडोज ७ आणि ८ च्या जुन्या कीवर नवं विंडोज ॲक्टिव्हेट व्हायचं, ती वाट २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाली, जुने व्हिडिओ बघून त्यात वेळ घालवू नका.

आता कॉलेज. इथे मुलं विचारतच नाहीत, आणि कॉलेजं स्वतःहून सांगत नाहीत. मायक्रोसॉफ्टचे शैक्षणिक संस्थांसाठी वेगळे करार असतात, त्यात संस्था मुख्यतः स्टाफच्या संख्येवर पैसे भरते आणि मुलांना काय द्यायचं ते करारात लिहिलेलं असतं. पूर्वी ड्रीमस्पार्क नावाची योजना होती, २००८ ला आलेली, तिचंच आजचं रूप म्हणजे ॲझ्युर डेव्ह टूल्स फॉर टीचिंग. कॉलेजने ते सबस्क्रिप्शन घेतलेलं असेल तर कॉलेजच्या ईमेलने लॉगिन केल्यावर डाउनलोडची यादी दिसते, आणि प्रत्येक गोष्टीपुढे तुमच्या नावाची की. यादीत काय असेल ते त्या सबस्क्रिप्शनवर आणि त्या वेळच्या नियमांवर आहे, विंडोजचं एज्युकेशन एडिशन दिसलं तर छान. या की शिकण्यासाठी, संशोधनासाठी असतात, त्यावर फ्रीलान्सिंगचा धंदा करायची परवानगी नसते, आणि दुसऱ्याला द्यायची तर अजिबात नसते. बाजारात फिरणाऱ्या स्वस्त की कधीकधी अशाच मुलांकडून गेलेल्या असतात, आणि एकाने विकली की पुढच्या बॅचचं सगळ्यांचं बंद व्हायची वेळ येते.

विचारायचं कोणाला? ऑफिसच्या खिडकीवर नाही, तिथे कोणाला माहीत नसतं. कॉम्प्युटर लॅबचे इनचार्ज किंवा सिस्टम ॲडमिन असतात त्यांना गाठा, दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर, आणि सरळ विचारा, सर, आपल्या कॉलेजचा मायक्रोसॉफ्टशी एज्युकेशन करार आहे का, त्यात स्टुडंटच्या स्वतःच्या लॅपटॉपसाठी काही आहे का, आणि कॉलेजचा ईमेल आयडी कधी मिळेल. "विंडोज मिळेल का" असं मोघम विचारलं तर "नाही" असंच उत्तर येतं. ईमेल आयडी मिळाला तर त्याचा दुसराही फायदा, ऑफिस ३६५ चा ए१ प्लॅन संस्थांना फुकट असतो, त्यात ब्राउझरमधलं वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट येतं, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशनला तेवढं बास होतं.

ॲक्टिव्हेटरबद्दल. ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात, यातच सगळं आलं. २०२१ मध्ये सिक्युरिटीवाल्यांनी दाखवून दिलं होतं की केएमएसपिको नावाच्या ॲक्टिव्हेटरच्या नावाखाली क्रिप्टबॉट नावाचा मालवेअर वाटला जात होता, जो ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरायचा. तुमच्या लॅपटॉपवर यूपीआयला जोडलेला ईमेल असतो, वडिलांच्या नेट बँकिंगचा पासवर्ड सेव्ह असतो, स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी आधार आणि मार्कशीटचे स्कॅन असतात. आणि कायद्याचं पण ऐकून ठेवा, कॉपीराइट ॲक्ट १९५७ चं कलम ६३ ब म्हणतं की माहीत असून बेकायदा कॉपी कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट खास कारण नोंदवून कैद टाळू शकतं आणि ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. हॉस्टेलवर धाड पडेल म्हणून मी हे लिहीत नाहीये, पण उद्या तुम्ही कोणाची बिलं, कोणाचे डिझाइन त्याच लॅपटॉपवर करून पैसे घ्यायला लागलात की तो धंदा होतो.

की न टाकता विंडोज वापरलं तर? चालतं. कोपऱ्यात वॉटरमार्क येतो, वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही. पण चालतं म्हणजे लायसन्स आहे असं नाही. आठवडाभर काही टेस्ट करायचं असेल तर त्यापेक्षा मायक्रोसॉफ्ट स्वतः विंडोज ११ एंटरप्राइझचं ९० दिवसांचं इव्हॅल्युएशन, म्हणजे वापरून बघायचं वर्जन, देतं ते घ्या, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये, टाका, मुदत संपली की ते दर तासाला बंद व्हायला लागतं म्हणून प्रोजेक्टची एकमेव कॉपी त्यात ठेवू नका.

आणि लिनक्स. मला ते मनापासून आवडतं, पण सगळ्यांना सारखंच सांगणार नाही, शाखा बघून सांगतो. कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल तर पुणे विद्यापीठाच्या लॅबच्या सिलॅबसमध्येच ऑपरेटिंग सिस्टम म्हणून ६४ बिट ओपन सोर्स लिनक्स लिहिलेलं असतं, म्हणजे तुम्हाला फुकटचीच सिस्टम अधिकृतपणे चालते. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार, त्याचं एलटीएस, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारं वर्जन, दर दोन वर्षांनी येतं, पाच वर्षं अपडेट, आणि उबुंटू प्रो स्वतःच्या वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे, त्याने ती मुदत दहा वर्षांवर जाते. जुन्या मशीनला लिनक्सचाच दुसरा प्रकार, लिनक्स मिंट घ्या, दिसायला विंडोजच्या जवळ आहे. मराठी टायपिंग आत असतं, कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायचं. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं, त्यात वायफाय, टचपॅड, आवाज चालतोय ना ते बघा, वायफायचं कधीकधी अडतं. याला कमी प्रतीचं समजू नका, जगातले पहिले पाचशे सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत, आणि भारतातला परम सुपरकॉम्प्युटर जिथे बनला ते सी-डॅक आपल्या पुण्यातच आहे. अडलात तर विचारायला माणसंही आहेत, पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांचा फ्री सॉफ्टवेअरचा ग्रुप आहे. आणि ज्यांच्याकडे विंडोज ऑलरेडी आहे त्यांना डबल इन्स्टॉलची गरजच नाही, विंडोजमधलीच डब्ल्यूएसएल नावाची सोय चालू केली की विंडोज होममध्येच उबुंटूचं टर्मिनल मिळतं, तेही फुकट.

मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरवाल्यांना मात्र लिनक्सचा आग्रह करणार नाही. सॉलिडवर्क्स, रेव्हिट विंडोजवरच चालतात. रेव्हिट आणि ऑटोकॅड ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट देतं, वर्षाचं, दरवर्षी शिकत असल्याचं दाखवून रिन्यू करायचं, म्हणजे पैसे फक्त लॅपटॉप आणि त्यासोबत आलेल्या विंडोजचे. कॉमर्सवाल्यांचं टॅली, तेही विंडोजचंच, पण शिकायला टॅलीचं लायसन्स घ्यायची गरज नाही, एज्युकेशनल मोड असतो, त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या एंट्री टाकता येतात, सरावाला तेवढ्या पुरतात, क्लासमध्येही तसंच शिकवतात. मॅक असेल तर प्रश्नच नाही, मॅकओएस मशीनबरोबर येतं आणि २०१३ पासून अपग्रेडला पैसे लागत नाहीत, मात्र ते दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर टाकायची परवानगी लायसन्स देत नाही.

इन्स्टॉलला बसायच्या आधी दोन कामं करा. एक, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून लायसन्स त्याला जोडून घ्या आणि ॲक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, बिलाच्या फोटोशेजारी. दोन, बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा तुम्हाला न विचारताच एन्क्रिप्ट झालेली असते, आणि लिनक्स टाकताना किंवा बायोसमध्ये काही बदललं की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या डिव्हाइसेसमध्ये सापडते, आधी ती वहीत हाताने उतरवून घ्या, मगच पेन ड्राइव्ह लावा.